अंधुक छायाचित्राची साक्ष

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला छायाचित्राचे मोल आज कोणी समजावून सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि रानात काय पेरले आहे याची ग्वाही तलाठ्याच्या लेखणीऐवजी शेतकऱ्याच्या हातातील मोबाइल देऊ लागला. आष्टीपासून परळीपर्यंत, ऐन पावसाळ्यात बांधावर उभे राहून कापसाचे वा सोयाबीनचे चित्र टिपणारा शेतकरी आता नवलाचा राहिलेला नाही. आभाळ भरून आलेले असते, उजेड मंद असतो, ओल्या बोटाला मोबाइलचा पडदा दाद देत नाही, 'रेंज' मिळाली तर मिळाली. तरीही जे चित्र निघते ते शासन ग्राह्य मानते. ते सुबक असावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, कोणते पीक उभे होते, एवढे त्याने सांगितले की त्याचे काम झाले.

जमिनीवर मान्य झालेले हे साधे तत्त्व समुद्रावर मात्र पुरते पोहोचलेले नाही. बीडचा शेतकरी मृगाच्या आधीपासून ज्या वाऱ्यांची वाट पाहतो ते अरबी समुद्रावरून येतात. सह्याद्रीवर आपला बहुतेक भार उतरवून ते बालाघाटाच्या माथ्यावर येईपर्यंत कोकणातल्या पावसाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणीही त्यांच्यापाशी जेमतेम उरते. हेच वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत समुद्र ढवळून खोलातले थंड, सकस पाणी वर आणतात. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर कोळंबीसारखे बारीक जीव आणि लहान मासे जगतात आणि त्यांवर देवमासे पोसले जातात. म्हणजे मराठवाड्याचा खरीप आणि अरबी समुद्रातील देवमासा हे दोघे एकाच वाऱ्याचे आश्रित होत. एकाच्या पिकाची नोंद सातबारावर होते. दुसरा या राज्यासमोरच्या पाण्यात केव्हा येतो, किती संख्येने येतो आणि कोणत्या जातीचा असतो, याचे दफ्तर जवळजवळ कोरे आहे. ते कोरे आहे म्हणून देवमासे येत नाहीत असे नव्हे. वाईट हवेत समुद्रावर कॅमेरा रोखणारा विरळा, आणि त्याने काढलेल्या चित्राला विचारणारा त्याहून विरळा, हे त्याचे खरे कारण आहे.

मेल्यावरची ओळख

महाराष्ट्राला देवमाशाची ओळख आहे ती बहुतांशी त्याच्या मृत्यूची. जून २०१५ च्या अखेरच्या आठवड्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत येऊन रुतला. त्याला पुन्हा पाण्यात लोटण्याचे प्रयत्न झाले, पण ते व्यर्थ ठरले. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर सुमारे ३५ फुटांचा ब्राइड्स जातीचा देवमासा मृतावस्थेत लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिलू वाळूत अडकले. जवळजवळ ४० तास माणसे त्याच्यासाठी झटली, ते खोल पाण्यात नेऊन सोडण्यातही आले, पण थोड्याच काळात त्याचे कलेवर किनाऱ्याला परत आले. या प्रत्येक प्रसंगाची चित्रे घरोघर पोहोचली. पृथ्वीवर आजवर जन्मलेला सर्वांत मोठा प्राणी मराठी वाचकाने पाहिला तो असा, वाळूवर कलंडलेला आणि बघ्यांच्या गर्दीने वेढलेला.

त्याच २०१५ सालच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली होती, तिचा गाजावाजा मात्र त्या मानाने कमी झाला. सिंधुदुर्गात कुणकेश्वराच्या समोरच्या पाण्यात, डॉल्फिनांच्या अभ्यासासाठी फिरणाऱ्या संशोधकांना निळे देवमासे जिवंत दिसले. जवळपास शंभर वर्षांनी या किनाऱ्यावर अशी नोंद झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. शंभर वर्षे देवमासे इकडे फिरकलेच नव्हते असा याचा अर्थ करणे भाबडेपणाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणाऱ्या कोळी आणि गाबीत तांडेलांनी लांबवर उडणारा वाफेचा फवारा कधी पाहिलाच नसेल, हे कोण मानील? पाहणारे होते, पण त्यांच्यापाशी साधन नव्हते, आणि त्यांनी पाहिलेले लिहून घ्यावे असे लिहिणाऱ्यांना वाटले नाही.

मेलेला देवमासा फार थोडे सांगतो. त्याची लांबी कळते, लिंग कळते, दैव बरे असेल तर मरणाचे कारण कळते. तो कोठून आला, कोणाबरोबर फिरत होता, दरवर्षी याच वाटेने जात होता काय, याविषयी कलेवर मुके असते. ते सांगू शकते केवळ जिवंत प्राण्याचे, पुन्हापुन्हा घेतलेले छायाचित्र.

शेपटीवरची सही

छायाचित्राला हे सामर्थ्य कसे आले हे पाहण्याजोगे आहे. एके काळी देवमाशांचा प्रवास समजून घेण्यासाठी त्यांच्या अंगात क्रमांक कोरलेली धातूची नळी मारीत. पुढे कधी तो देवमासा शिकाऱ्यांच्या हाती लागला, की ती नळी सापडे आणि त्याचा मार्ग कळे. ज्ञानाची किंमत म्हणून प्राणीच द्यावा लागे. १९७० च्या दशकात अमेरिका व कॅनडातील अभ्यासकांनी हे चित्र पालटले. हंपबॅक म्हणून ओळखला जाणारा कुबडदार देवमासा बुडी घेताना शेपूट वर उचलतो. तिच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणा माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, हे त्यांनी दाखवून दिले. निळ्या देवमाशाच्या कुशीवरील ठिपक्यांची नक्षीही अशीच ज्याची त्याची निराळी असते. आज संगणक या खुणा जुळवून देतो. कोलंबियाच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये टिपलेला एक कुबडदार नर २०२२ मध्ये झांझिबारपाशी आढळला. दोन्ही जागांमधील अंतर १३ हजार किलोमीटरांहून अधिक. हा शोध कोणा एका मोहिमेने लावला नाही. वेगवेगळ्या माणसांनी काढलेली चित्रे एका संग्रहात आली, म्हणून तो लागला.

अरबी समुद्राच्या बाबतीत ही पद्धत केवळ कुतूहलाची राहत नाही. येथील कुबडदार देवमासे जगातील आपल्या भाऊबंदांप्रमाणे ध्रुवाकडे जात-येत नाहीत. सुमारे ७० हजार वर्षे ते इतरांपासून अलग राहिले आहेत, असे त्यांच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसते. ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ या वर्षांत काढलेल्या छायाचित्रांवरून त्यांची संख्या अवघी ८२ च्या आसपास असावी असा अंदाज करण्यात आला. १९६५-६६ मध्ये, आणि त्यातही मुख्यतः नोव्हेंबर १९६६ या एकाच महिन्यात, सोव्हिएत ताफ्याने याच समुद्रात बेकायदा २४२ कुबडदार देवमासे मारले होते; ती कागदपत्रे उजेडात यावयास १९९० चे दशक उजाडले. या दोन आकड्यांतच या प्राण्याची सारी करुण कहाणी सामावली आहे.

या उरलेल्यांचा महाराष्ट्राशी व गोव्याशी संबंध आहे की नाही, हा प्रश्न डिसेंबर २०१७ मध्ये एका मादीने सोडविला. शेपटीवरील ऊदाच्या झाडासारख्या खुणेवरून ओमानच्या अभ्यासकांनी तिचे नाव 'लुबान' ठेवले होते. तिच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविलेले होते. ती सरळ समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, कन्याकुमारीच्या टोकापर्यंत गेली आणि नंतर परत ओमानला पोहोचली. पश्चिम किनाऱ्याने तिला जाताना पाहिले असेलही. पाहिल्याची साक्ष मात्र उपग्रहाने दिली, एकाही होडीने नव्हे. लक्षद्वीपच्या पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी निळ्या देवमाशांचे गान टिपल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आवाजावरून प्राणी आल्याचे कळते. पण आलेला नेमका कोणता, हे चित्रावाचून ठरत नाही.

हवेचा अडसर

मग चित्रे का निघत नाहीत? पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात प्राण्यांची नोंद घ्यावयाची असेल तर पाणवठ्यावर मचाण बांधून बसता येते, झाडाला कॅमेरा जखडून ठेवता येतो. समुद्रावर ना पाणवठा, ना झाड. निळा देवमासा एकदा बुडाला की दहा-पंधरा मिनिटे वर येत नाही. वर येतो तो कोणत्या दिशेला येईल याचा भरवसा नसतो. आणि श्वास घेण्यापुरताच काही क्षण दिसतो.

त्यात हवा बिघडलेली असली म्हणजे छायाचित्रकाराची कसोटी लागते. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची जी मोजपट्टी तयार केली, तिच्या तिसऱ्या अंकापासून लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो आणि चौथ्यापाशी तो सर्वत्र पसरतो. देवमाशाचा फवाराही पांढराच. त्यामुळे हजार फेसांतून एक फवारा ओळखणे कठीण होते आणि शास्त्रीय सर्वेक्षणे बहुधा याच सुमारास थांबविली जातात. होडी हेलकावे खाते, क्षितिज तिरपे होते, खाऱ्या तुषारांची साय भिंगावर चढते. चित्र थिजविण्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग एवढाच उघडझाप हवा, तर ढगाळ उजेड तेवढा पुरत नाही. कॅमेऱ्याचे यंत्र देवमाशाऐवजी मधल्या लाटेवर नजर खिळविते. एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने काढलेल्या पन्नास चित्रांतील एखादे उपयोगी निघाले तरी पुष्कळ.

मात्र ढगाळ हवा सर्वस्वी वैरीण असते असेही नाही. उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत येत नाही, ओल्या कातडीवर चकाकी उठत नाही आणि कुशीवरच्या खुणा सम प्रकाशात स्पष्ट उमटतात. काळ्या ढगाच्या पडद्यावर फवारा उन्हाळी आभाळापेक्षा ठळक दिसतो. खरा अडसर हवेपेक्षा सवयीचा आहे. निरभ्र दिवसांत पाहावे आणि बाकीचा काळ कोरा सोडावा, ही ती सवय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यानंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत, किंबहुना पुढेही, दर्या शांत होत नाही. जे वारे समुद्राला सकस करतात त्याच वाऱ्यांच्या दिवसांत तिकडे पाहणारा डोळा नसतो. रेवदंड्याचा देवमासा आला तो जूनमध्येच, हे विसरता येत नाही.

सदोष चित्राचे मोल

येथेच बीडच्या बांधावरील चित्राचा धडा उपयोगी पडतो. प्रदर्शनात मांडावयाचे छायाचित्र आणि पुराव्यासाठी घ्यावयाचे छायाचित्र यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. पहिल्याला सौंदर्य हवे, दुसऱ्याला तारीख, वेळ, स्थळ आणि एखादी निर्णायक खूण. डाव्या बाजूला पुढे कललेला फवारा दिसला की तो स्पर्म देवमासा, मग बाकीचे चित्र कितीही धूसर असो. डोक्यावर तीन समांतर कंगोरे दिसले तर तो ब्राइड्स. प्रचंड लांब पाठ आणि तिच्या अगदी मागे इवलासा पर दिसला तर बहुधा निळा. ज्या चित्राला छायाचित्रकार फेकून देईल, ते अभ्यासकाला वर्षाची कमाई वाटू शकते.

महाराष्ट्र शासनाने हे तत्त्व एका ठिकाणी स्वीकारलेही आहे. डिसेंबर २०१८ च्या निर्णयानुसार, जाळ्यात सापडलेले संरक्षित सागरी जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते आणि त्यासाठी सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत पुरावा म्हणून मागितली जाते. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय खात्याच्या साहाय्याने चालविलेली ही योजना खरोखर स्तुत्य आहे. तिने मच्छीमाराला गुन्हेगार न ठरविता साक्षीदार मानले. पण ती लागू होते जाळे कापल्यावर. जाळ्यात न अडकता पन्नास वावांवरून शांतपणे निघून जाणाऱ्या देवमाशाचे चित्र मच्छीमाराने काढले, तर ते दाखविण्यासाठी त्याच्या ओळखीची खिडकी कोणती? ते चित्र मित्रमंडळींच्या मोबाइलवरून फिरते आणि आठवड्याभरात पुसले जाते. राज्याच्या सागरी ज्ञानाची अशी नासाडी रोज होत असणार.

आक्षेप आणि उत्तरे

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला जिवाचा. वादळी समुद्रात चित्रांसाठी माणसे पाठविणे हे अविचाराचे होईल, यात शंका नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईसमोर 'पी-३०५' हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे दगावली. त्या समुद्राला कोणी खेळ समजू नये. परंतु चित्रासाठी कोणी मुद्दाम जावे, अशी येथे मागणी नाही. तटरक्षक दलाच्या नौका, मुंबई हायच्या तेलक्षेत्राला रसद नेणारी जहाजे आणि व्यापारी जहाजे भर पावसाळ्यातही ये-जा करतात. त्यांच्या उंच, स्थिर पुलावर पहाऱ्याला माणूस असतोच. त्याच्या हाती एक नोंदवही व एक कॅमेरा देण्याने कोणाच्या जिवाला नवा धोका होत नाही. लहान होडीवाल्याने मात्र प्रथम घर गाठावे. चित्र राहिले तरी चालेल.

दुसरा आक्षेप खोटेपणाचा. संगणकाला सांगून हवे ते चित्र बनवून घेण्याचे हे दिवस आहेत. पण खोट्याला लोभ लागतो. भरपाईची योजना आणि केवळ दर्शनाची नोंद या दोन गोष्टी अलग ठेवाव्या, नोंदीला पैशाची जोड देऊ नये, आणि वेळ व स्थळ ज्यात आपोआप उमटते ते मूळ चित्रच मागावे. मग लबाडीला फारसे कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बीडसारख्या जिल्ह्यातूनच येण्याचा संभव अधिक. जेथे दरसाल हजारो कुटुंबे ऊसतोडीला गाव सोडतात, तेथल्या माणसाने देवमाशाची चिंता का वाहावी? या प्रश्नाला दयेचे उत्तर देणे हा त्या माणसाचा अपमान होईल. उत्तर व्यवहाराचे आहे. पहिले, यासाठी धरणाइतका नव्हे, एखाद्या लहान रस्त्याइतकाही खर्च लागत नाही. साधने बहुतेकांच्या खिशात आहेतच. दुसरे, ज्या देशांच्या मासेमारीत सागरी सस्तन प्राण्यांना इजा होते त्यांच्या मासळीला आपल्या बाजारात मज्जाव करण्याचा नियम अमेरिकेने २०१६ मध्ये केला. नोंदी नसतील तर निर्दोषपणा सिद्ध कशाने करावयाचा? तिसरे आणि महत्त्वाचे हे, की नोंद नाही त्याची दाद नाही, हा अनुभव बीडच्या शेतकऱ्याइतका कोणाला असणार? पीकविम्यात नुकसानीची खबर ७२ तासांत देण्याची अट पुरी करताना, एका चित्रावाचून हक्क कसा बुडतो, हे त्याने सोसले आहे.

डहाणूजवळ वाढवण येथील महाबंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या किनाऱ्यावर जहाजांची वर्दळ वाढणार हे उघड आहे. दक्षिण श्रीलंकेसमोर निळे देवमासे आणि जहाजांचा मार्ग एकाच पट्ट्यात येतात, हे तेथील निरीक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवून दिले, आणि २०२२ मध्ये एका बलाढ्य कंटेनर-कंपनीने आपली जहाजे तेथून दक्षिणेकडे सरकविली. जहाज वळविता येते; पण कोठून वळवावे हे सांगणारा नकाशा आधी हवा. महाराष्ट्रासमोर उद्या असा प्रश्न उभा राहिला, तर शासन कोणता नकाशा मांडणार आहे?

दफ्तर उघडावे

करावयाचे ते फार नाही. कांदळवन कक्षाने देवमाशांच्या दर्शनाची एक कायम नोंदवही उघडावी. ती मराठीत असावी आणि प्रत्येक बंदरावरील मच्छीमार सोसायटीत तिची वाट माहीत असावी. चित्र कितीही अस्पष्ट असो, ते परत लावू नये. सोबत तारीख, वेळ, ठिकाण, हवा आणि देवमाशाची दिशा एवढेच लिहून घ्यावे. प्राण्याचा पाठलाग करू नये, आई व पिलू यांच्या मधे होडी घालू नये, हे प्रारंभीच बजावावे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशाला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. काहीही दिसले नाही अशा फेऱ्यांचीही नोंद व्हावी, कारण न दिसणे हीदेखील माहितीच असते. आणि ज्याने चित्र दिले त्याला, तो देवमासा कोणता होता, हे उलट टपाली कळवावे. साक्षीदाराला निकाल कळला नाही, तर तो दुसऱ्यांदा साक्षीला येत नाही.

बीडच्या कोणत्याही डोंगरावरून समुद्र दिसत नाही. तरी तेथे पडणारा प्रत्येक थेंब बहुधा त्या पाण्याला स्पर्श करून आलेला असतो. ज्या दिवशी बांधावरचा शेतकरी भरल्या आभाळाखाली आपल्या पिकाचे मंद उजेडातले चित्र टिपतो, त्याच दिवशी त्याच ढगांखाली दूरवर एखादा देवमासा श्वासासाठी वर येत असेल. पहिले चित्र सातबाराला लागते. दुसरे निघालेच, तर तेही कोठेतरी लागावे, इतकी सोय एवढ्या मोठ्या राज्याला अवघड नसावी.